'जोडपान'चा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. शुद्ध भाषेत मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचे आठवत नाही. सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. एका अंगाला जुन्या चादरींचे गाठोडे, दुसऱ्या अंगाला शेकायची रबरी पिशवी. आम्ही तिघे एकमेकांशी बोलत नाही.

दिवसभर ठोकून घेणे हाच ज्याचा धंदा, त्याला कसले आले आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. लिहिलेले सगळेच वाचतात. लिहून पुसलेले मात्र फक्त कीबोर्डाला ठाऊक असते. कागदावर निदान खाडाखोड दिसते. आमच्याकडे तेही नाही. माझ्या पोटात असे पुसलेले बरेच काही साठले आहे आणि त्यातले थोडे आज तुम्हाला सांगायचे आहे.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. माझ्यासारखी हजारो भावंडे पट्ट्यावरून सरकत होती. शेवटी बसलेल्या एका बाईने माझे प्रत्येक बटण एकेकदा दाबून पाहिले आणि मला पुढे ढकलले. आयुष्यातली माझी पहिली आणि शेवटची परीक्षा तीच. मग खोके, मग दुकानाची फळी, आणि एके दिवशी एक तरुण बाई दुकानात आल्या. त्यांनी चार कीबोर्ड बडवून पाहिले आणि म्हणाल्या, "हा द्या. आमच्या आत्या जोरात बोलतात, पण हात हलका आहे. हा टिकेल."

आत्या म्हणजे त्यांच्या सासूबाई. साऱ्या वस्तीच्या त्या 'बाई' होत्या. चाळीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि वस्तीतल्या निम्म्या माणसांचे कान कधी ना कधी त्यांनी पिळलेले होते. सूनबाईंनी बाईंच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत संगणक मांडला, मला टेबलावर ठेवले आणि बाईंना वस्तीच्या बातम्यांची वेबसाइट काढून दिली.

आता वस्तीबद्दल सांगतो. सहा गल्ल्या होत्या. पहिल्या तीन गल्ल्यांत एक भाषा चाले, पुढच्या तीन गल्ल्यांत दुसरी. पहिल्या भाषेची अक्षरे माझ्यावर कारखान्यातूनच छापून आली होती. दुसऱ्या भाषेची अक्षरे सूनबाईंनी चिमट्याने एकेक करून चिकटवली. त्या कामात त्यांची आख्खी दुपार गेली आणि मान अवघडली ती वेगळीच. म्हणून मी एकीला छापील भाषा म्हणतो आणि दुसरीला चिकटवलेली. भाषांची खरी नावे मला कुणी शिकवली नाहीत आणि त्यावाचून माझे काही अडलेही नाही.

छापील भाषेत बाई लिहायच्या. चिकटवलेल्या भाषेत लिहायला पाचव्या गल्लीतले खिळेकाका यायचे. जुन्या छापखान्यात शिशाची सुटी अक्षरे असत, त्यांना खिळे म्हणत. ते एकेक उचलून ओळी जुळवण्यात काकांचे तारुण्य गेले होते. छापखाना बंद पडला, नाव मात्र चिकटून राहिले. त्यांना दोन्ही भाषा सारख्याच येत. टंकताना ते फक्त दोन बोटे वापरत आणि प्रत्येक अक्षर असे दाबत, की ते पुन्हा वर येणार नाही असे मला वाटे. बाईंची दहाही बोटे चालत. त्यांचा स्पर्श पिठात हात घातल्यासारखा होता. डोळे मिटूनही मी सांगितले असते, आता खुर्चीवर कोण आहे.

वेबसाइटला 'जोडपान' हे नाव काकांनी दिले. एक बातमी, शेजारी शेजारी दोन पाने.

बातम्या खिडकीतून येत. ज्याला काही सांगायचे असेल त्याने खिडकीच्या गजावर किल्ली वाजवायची, की बाई "काय झालं?" म्हणत उठायच्या. रस्ता कुठे खणला, कुणाचे मूल शाळेत पहिले आले, कुणाचा चष्मा बसथांब्यावर राहिला, दवाखान्यात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी येणार, कोण वारले. मोठ्या वर्तमानपत्रांना अशा बातम्यांचे वावडे असते. पण वस्तीने 'जोडपान' डोक्यावर घेतले. शहरातल्या एका वर्तमानपत्राने तर बातमीदार पाठवला. त्याने बाईंचा आणि काकांचा फोटो काढला. त्यात मीही आहे, अर्धा. उरलेला अर्धा काकांच्या कोपराखाली गेला. आत्मप्रौढी वाटेल, पण तो फोटो छापून आला त्या दिवशी मी जरा ताठच होतो.

मात्र सुरुवातीला एक गोष्ट बिघडली होती. दवाखान्यात डोळ्यांची मोफत तपासणी होणार होती. साठ जणांनाच नंबर मिळणार होते. बाईंनी सकाळी बातमी लिहिली आणि लगेच टाकली. काका संध्याकाळी आले, त्यांनी आपली बाजू संध्याकाळी टाकली. तोवर साठच्या साठ नंबर पहिल्या तीन गल्ल्यांनी लावून टाकले होते. दुसऱ्या दिवशी चौथ्या गल्लीतली एक बाई खिडकीशी आली. ती भांडली असती तर परवडले असते. ती एवढेच म्हणाली, "आम्हाला काय, उरलेलं वाचायला मिळतं."

बाईंना ते वाक्य फार लागले. आयुष्यभर वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांनाही सारखा खाऊ वाटलेल्या बाई त्या. त्याच दिवशी त्यांनी आणि काकांनी नियम केला. दोन्ही पाने तयार झाल्याशिवाय बातमी टाकायची नाही. टाकायची ती एकदम. एकाला आधी, एकाला मागून, असे 'जोडपान'मध्ये होणार नाही.

नियम चांगला होता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्याला नावे ठेवाल. या नियमामुळे पाचव्या गल्लीतली माणसे पहिल्या गल्लीच्या बारशाच्या बातम्या वाचू लागली. चौथ्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला पहिल्या गल्लीतून गिऱ्हाईक येऊ लागले. आठ वर्षे आम्ही तो नियम पाळला. एकदाही मोडला नाही, याचा बाईंना आणि काकांना दोघांनाही अभिमान होता. मलाही होता. लबाड कशाला होऊ?

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीला लागून, इस्त्रीवाल्या आजोबांचे टेबल होते. 'जोडपान'चे सगळ्यात पक्के वाचक तेच. सकाळी अकरा वाजले की ते इस्त्री बाजूला उभी करत, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरत आणि छापील भाषेतली बातमी मोठ्याने वाचत. कपडे घेऊन आलेल्यांना ती ऐकावीच लागे. कधी बातमी आवडली नाही तर ते खिडकीशी येऊन बाईंना दम भरत. "काय हो बाई, परवा त्या नाल्याचं अर्धंच लिहिलंत. पुढचं कोण लिहिणार, मी?" बाई हसत आणि पुढचे लिहीत.

बाईंना चिकटवलेली भाषा वाचता येत असे. बोलताही येई, अडखळत. लिहिण्याच्या मात्र त्या वाटेला जात नसत. एकदाच गेल्या होत्या. काका गावाला होते आणि बेकरीवाल्याला मुलगी झाली होती. बाईंनी चार ओळींचे अभिनंदन लिहून कागदावर काढले आणि त्याच्या दुकानात चिकटवायला दिले. पुढे आठवडाभर पलीकडच्या तीन गल्ल्या गालातल्या गालात हसत होत्या. बेकरीवाल्याच्या बायकोने तर काळजीने विचारले, "बाई, तब्येत बरी नव्हती का लिहिताना?" चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या लाल केलेल्या बाईंना ते सहन झाले नाही. त्यांनी ती भाषा पुन्हा कधी लिहिली नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. यायचे जिवावर आले आहे, पण आलेच पाहिजे.

कडक उन्हाचे दिवस होते. सकाळी दहाला गजावर किल्ली वाजली. पाणीखात्याचा फिटर आला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, पायांना चिखल.

"बाई, मोठी लाइन फुटलीय. गटाराचं पाणी आत शिरलंय. संध्याकाळपर्यंत नळाचं पाणी कुणी तोंडाला लावू नका. एवढं टाका लगेच. मी एकटा, सहा गल्ल्या कुठं फिरू? तिकडं व्हॉल्व्ह बंद करायचाय."

"टाकते. तू दमलास, पाणी घे आधी. उकळलेलं आहे, पोटभर पी."

बाईंनी त्याला रात्री उकळून ठेवलेले पाणी दिले. तो दोन पेले प्यायला आणि पळाला.

बाई खुर्चीवर बसल्या आणि आठ मिनिटांत त्यांनी बातमी लिहिली. पाच वाक्ये. इतकी नेटकी, की एकही अक्षर पुसावे लागले नाही. मग त्यांनी काकांना फोन लावला. लागला नाही. काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, काका डोळ्यांच्या दवाखान्यात होते आणि तिथे फोन बंद ठेवायला सांगत. बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा लावला.

त्यांचे बोट माझ्या एंटरच्या बटणावर येऊन थांबले. एक दाब, आणि बातमी गेली असती. मला त्या बोटाचे वजन जाणवत होते. मग बोट उचलले गेले.

"येतीलच बारापर्यंत," त्या स्वतःशी म्हणाल्या. "एकाला आधी सांगायचं आणि एकाला मागून? पुन्हा तेच?"

मग त्यांनी चिकटवलेल्या अक्षरांवर हात ठेवला. एकेक अक्षर शोधत त्यांनी तीन ओळी लिहिल्या. 'पाणी पिऊ नका' एवढे त्यात नक्की होते, मला समजले होते. त्यांनी वाचून पाहिले. त्यांचे कान लाल झाले. "असं कुठे लिहितात का!" म्हणत त्यांनी तिन्ही ओळी पुसून टाकल्या. तेव्हा साडेदहा वाजले होते.

बाई काही हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. त्यांनी आपल्या इमारतीतल्या सगळ्या दारांवर थाप मारली. शाळेत फोन केला. खिडकीसमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला हटकून सांगितले. पण वस्ती सहा गल्ल्यांची होती आणि वस्तीला आठ वर्षांत एकच सवय लागली होती. काही महत्त्वाचे असेल तर ते 'जोडपान'मध्ये येणारच.

बारा वाजले. साडेबारा झाले. बाई उठत होत्या, बसत होत्या. ऑपरेशनला उशीर झाला होता, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. काका आले ते दीड वाजता. बातमी ऐकून त्यांचे धाबे दणाणले. चप्पल न काढताच ते खुर्चीवर बसले आणि त्यांच्या दोन बोटांनी मला अक्षरशः बडवले. पावणेदोनला दोन्ही पाने एकदम गेली. नियमाप्रमाणे.

"फिटर आला कधी?" काकांनी सहज विचारले.

बाईंनी पदराने मान पुसली. "आत्ताच. एक वाजला असेल."

मित्रांनो, खोटे बोलायचे असे ठरवून त्या बोलल्या नाहीत. ते त्यांच्या तोंडून निसटले. पण निसटलेले उचलून परत घेता येते, तेवढा वेळ त्यांना होता. त्यांनी ते घेतले नाही.

त्या दिवशी वस्तीतली चाळीस-बेचाळीस माणसे आजारी पडली. उलट्या, जुलाब, ताप. बहुतेक सगळी दोन-तीन दिवसांत उठली. इस्त्रीवाले आजोबा उठले नाहीत. दिवसभर निखाऱ्याशी उभे राहायचे आणि तांब्यातांब्याने नळाचे पाणी प्यायचे, हा त्यांचा रोजचा क्रम होता. पाचव्या दिवशी ते हॉस्पिटलात वारले.

त्यांची बातमी बाईंनीच लिहिली. बाईंची बोटे एवढी थंड मला कधी लागली नव्हती.

त्याखाली काकांनी पाण्याची हकिगत लिहिली. ते चिडलेले होते. 'खात्याने ही सूचना दुपारी एक वाजता, म्हणजे लाइन फुटल्यानंतर साडेतीन तासांनी दिली,' असे वाक्य त्यांनी लिहिले आणि बाईंकडे पाहिले. "बरोबर ना?" बाईंनी मान हलवली. छापील भाषेत तेच वाक्य त्यांना लिहावे लागले. माझ्यावरून आजवर हजारो वाक्ये गेली असतील, पण ते एक मला अजून टोचते.

वस्ती खवळली. माणसे पाणीखात्याच्या कचेरीवर गेली. फिटर आपली वही दाखवून सांगत होता, की मी दहाला निरोप दिला. कुणी ऐकेना. ज्यांना बाईंनी सकाळी स्वतः सांगितले होते, त्यांनाही छापून आलेल्या वेळेपुढे आपली आठवण खरी वाटेना. त्याच्या साहेबाने फोन पुढे केला. "'जोडपान'मध्ये आलंय. ते लोक खोटं लिहीत नाहीत." त्याला कामावरून दूर केले गेले.

चार दिवसांनी गजावर किल्ली वाजली नाही, बोटे वाजली. फिटर उभा होता. खोलीत बाई एकट्याच होत्या.

"बाई, मी दहाला आलो होतो ना?"

बाईंनी माझ्यावरची नसलेली धूळ झटकली.

"तुम्ही मला पाणी दिलंत. म्हणालात, उकळलेलं आहे, पोटभर पी. आठवतंय ना?"

"मला... वेळ नीट आठवत नाही रे," बाई म्हणाल्या.

त्याने गजावरचा हात काढला. "मी तुमच्याच हाताखाली शिकलोय बाई. सहावी ब," एवढे म्हणून तो गेला. बाईंनी खिडकी लावून घेतली. दिवसाउजेडी ती खिडकी लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्यानंतर नऊ दिवस एकच गोष्ट घडत राहिली. दुपारी काका घरी गेले, की बाई माझ्यापाशी बसत. लिहीत, 'पाण्याची बातमी आमच्याकडे सकाळी दहा वाजता'. तिथे थांबत. आणि पुसत. एके दिवशी त्यांनी 'काही तांत्रिक अडचणींमुळे' असे लिहिले. लगेच स्वतःच कडवटपणे हसल्या आणि पुसले. एके दिवशी सगळा दोष नियमावर टाकला. तेही पुसले. मला वाचा असती तर ओरडलो असतो, की राहू द्या, पुसू नका. पण आम्ही वस्तू. दाबले तरच बोलतो, आणि तेही दुसऱ्याचेच.

दहाव्या दिवशी त्या सकाळीच बसल्या. केस विंचरलेले, पातळ धुतलेले. छापील भाषेत त्यांनी लिहिले:

'पाण्याची बातमी आमच्याकडे सकाळी दहा वाजता आली. फिटर वेळेवर आला होता. बातमी एका भाषेत सव्वादहाला तयार होती. दुसऱ्या भाषेची वाट पाहत मी ती पावणेदोनपर्यंत अडवून ठेवली. एक वाजताची वेळ मी खोटी सांगितली. खिळेकाकांना यातले काही माहीत नव्हते. इस्त्रीवाले आजोबा आमचे वाचक होते. चूक माझी आहे.'

मग त्या चिकटवलेल्या अक्षरांकडे वळल्या. काकांना त्यांनी बोलावले नाही. एकेक अक्षर शोधत, ओठांनी पुटपुटत, त्यांनी तीच आठ वाक्ये दुसऱ्या भाषेत लिहिली. घामाचे थेंब माझ्यावर पडत होते. चुका होत होत्या, त्यांना कळतही होत्या, पण या खेपेला त्यांनी काही पुसले नाही. मग दोन्ही पाने एकदम टाकली, आणि काकांना फोन करून सांगितले, "वाचा आणि मग या. यावंसं वाटलं तर."

काका आले. उभ्यानेच त्यांनी पडद्यावर पुन्हा वाचले.

"माझ्यासाठी थांबलात?" त्यांनी विचारले.

"नियम होता ना आपला."

"अहो, नियम होता तो कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून." काकांचा आवाज फाटला. "फिटरच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंत. माझ्याकडून लिहवून घेतलंत तुम्ही ते. माझ्या हातून."

काका खुर्चीवर बसले. सवयीने त्यांची दोन बोटे माझ्यावर आली. त्यांच्या भाषेच्या पानावर ओळीओळीला चुका होत्या आणि उभ्या आयुष्यात त्यांनी चूक दिसली आणि सोडली असे झाले नव्हते. बोटे तशीच अधांतरी राहिली.

"फार चुका आहेत का?" बाईंनी खालच्या आवाजात विचारले.

"आहेत. बऱ्याच."

"मग नीट करा ना."

काकांनी हात मागे घेतले. "कशाला? कळतंय. शब्दन् शब्द कळतोय."

बाईंनी तोंडाला पदर लावला. शब्दन् शब्द कळतोय, हे ऐकल्यावर त्यांना दुसरे काय करता येणार होते? त्या दिवशी सकाळी साडेदहाला पुसलेल्या त्या तीन ओळीही अशाच मोडक्या होत्या, आणि अशाच कळल्या असत्या. ते त्यांना ठाऊक होते, आणि मला.

वस्तीत जे व्हायचे ते झाले. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणाले, कबूल करायलाही छाती लागते. फिटरला कामावर परत घेतले. तो आमच्या गल्लीत यायचा, पण खिडकीकडे पाहायचा नाही. काका महिनाभर येत राहिले. आपले पान लिहीत आणि उठत. पूर्वी एका शब्दावरून दोघांचे अर्धा-अर्धा तास वाजे, आता "झालं?" आणि "झालं" एवढेच उरले. माझ्यावर एवढे शांत काम कधी झाले नव्हते आणि मला ते अजिबात आवडत नव्हते.

मग एका दुपारी इस्त्रीवाल्या आजोबांची बायको आली. खिडकीशी थांबली नाही, सरळ दारातून आत आली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बाई ताडकन उठल्या. "वर बसा ना, आजी."

"नको, गुडघे धरतात. मला वाचता येत नाही. तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिलंय म्हणे. वाचून दाखवा."

बाईंनी पडद्यावर ते पान काढले. वर्गात चाळीस वर्षे खणखणीत वाचलेला आवाज आठ वाक्यांत तीनदा अडला. शेवटचे वाक्य त्यांनी वाचले आणि शिक्षा ऐकायला उभे राहावे तशा त्या उभ्या राहिल्या.

आजींनी मान डोलावली. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त काहीतरी आठवले होते.

"अकराला त्यांनी फोन काढला होता," त्या म्हणाल्या. "मी डबा घेऊन गेले होते. एवढा लांब धरून बघितलं. मग म्हणाले, 'बाईंनी आज काही टाकलं नाही. म्हणजे वस्तीत सगळं ठीक आहे.' आणि तांब्या तोंडाला लावला."

बाई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर, आजींच्या शेजारी. आजी उठून गेल्या तेव्हा बाईंनी त्यांना दारापर्यंत पोचवले. परत येऊन त्यांनी माझी वायर काढली, ओल्या फडक्याने माझे एकेक बटण पुसले, आणि मला कपाटात ठेवले. त्या दिवसापासून 'जोडपान' बंद आहे. काका दोनदा येऊन "सुरू करू या," म्हणून गेले. बाई म्हणाल्या, "तुम्ही करा. माझ्याकडे बघून आता कुणी निर्धास्त होऊ नये."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी आपली काळजी घ्यायला सांगावे, अशी रीत आहे. माझ्यावरची धूळ झटका, बटणे जपा, असे मी म्हणावे हे तुम्हाला अपेक्षित असेल. धुळीचे मला काही वाटत नाही. तुमच्याजवळ जर कधी कुणाचा जीव वाचेल असे काही सांगण्यासारखे असेल, तर ते शोभेल का, नीट जमेल का, सगळ्यांना एकाच वेळी पोचेल का, याचा विचार करत बसू नका. अडखळत सांगा, चुकत सांगा, लोक हसले तर हसू द्या. आधी सांगा. तुमच्या शब्दावर विसंबलेले कुणीतरी, तुम्ही काही बोलत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजत असते.